आठवण ठेवणारी तार आणि आपला उन्हाळा

प्रश्न दारव्ह्याकडच्या एका तरुणाचा आहे. आयटीआय फिटर झालेला, घरी पाच एकर कापूस-तूर, एक एकर तुती आणि रेशमाची शेड. त्याने निकेल-टायटॅनियमची दोन मीटर तार ऑनलाइन मागवली. वाकवली, गरम चहात टाकली, ती ताडकन सरळ झाली. आता त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: या तारेवर उन्हाने चालणारा पंप होईल का, गावात विकता येईल असं काय बनवता येईल, आणि मित्रांनी मोबाईलवर पाठवलेलं "हा धातू सगळं बदलून टाकणार" हे कितपत खरं.

भाऊ, मी धातुशास्त्र नागपुरात शिकलो, तीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढे काढली आणि आता वर्धा जिल्ह्यात छोटं वर्कशॉप चालवतो. ही तार पहिल्यांदा हातात आली तेव्हा मीही आठवडाभर चहात बुडवत बसलो होतो, त्यामुळे तुमचा उत्साह समजतो. पंपाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात लोकांचे पैसे जातात.

पंप होणार नाही. हिशोब करा. एक मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची तार घेतली तर तिचं वजन जेमतेम पाच ग्रॅम. तापली की ती सुमारे बारा किलो ओझं चार सेंटिमीटर उचलते. पाच ग्रॅमच्या तारेने बारा किलो उचलणं ऐकायला भारी वाटतं, पण काम किती झालं? पावणेपाच ज्यूलच्या आसपास. एक लिटर पाणी एक मीटर वर चढवायला जवळपास दहा ज्यूल लागतात. म्हणजे तार दोनदा तापवून दोनदा गार केली तेव्हा कुठे एक लिटर पाणी एक मीटर चढलं. तुमच्या विहिरीत पाणी दहा मीटरवर असेल, तर लिटरमागे वीसेक वेळा. तुमची तीन एचपीची मोटर एवढ्या खोलीवरून सेकंदाला दहा-अकरा लिटर सहज फेकते. तिची बरोबरी करायला अशा सव्वादोनशे तारा दर सेकंदाला एकदा तापून गार व्हायला हव्यात. एक मिलिमीटरची तार हवेत गार व्हायलाच कितीतरी सेकंद घेते. दहा सेकंद धरले तरी दोन हजारांवर तारा झाल्या. अमेरिकेत रिजवे बँक्स यांनी १९७३ मध्ये गरम-गार पाण्यावर फिरणारं असं इंजिन करून दाखवलं होतं. ते फिरलं, पण त्यावर कुणाची विहीर उपसली गेली नाही. ७० अंशांचं गरम आणि ३० अंशांचं गार पाणी असेल तर कुठल्याही इंजिनाची निसर्गाने घातलेली मर्यादाच साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ही तार तिच्याही बरीच खाली राहते. सौर पॅनेल घ्या आणि हा विषय सोडा.

मग ही तार कशाची? ते कळायला तिच्या आत काय चालतं ते बघू.

तुमच्या आजोबांच्या काळी बंडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवताना पाहिलं असेल. लोहार धाव चाकापेक्षा थोडी लहान करायचा, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, चाकावर बसवून वरून पाणी ओतायचा. लोखंड पाचेकशे अंश तापलं की जेमतेम ०.६ टक्का वाढतं. साडेचार फुटी चाकाच्या घेरात तेवढ्याने एक इंच मिळतो. हे साधं प्रसरण झालं. तुमच्या तारेत प्रसरणाचा संबंध नाही. तिच्यात निकेलचे आणि टायटॅनियमचे अणू जवळजवळ एकास एक असतात, आणि ते दोन तऱ्हेने रचून बसू शकतात. गार असताना रचना मऊ, वाकडी-तिकडी होणारी. तिला मार्टेन्साइट म्हणतात. ठराविक तापमानावर गेलं की सगळे अणू एकदम ताठ, चौकोनी रचनेत जातात. ती ऑस्टेनाइट. गार असताना तुम्ही तार वाकवता तेव्हा अणू शेजारी सोडत नाहीत, फक्त झुकतात. म्हणून तापल्यावर सगळे आपापल्या जागी परत येतात. लांबीतला सहा ते आठ टक्के बदल अशा रीतीने परत मिळतो, म्हणजे धावेच्या दसपट, तेही भट्टीशिवाय. हे एका शेतकऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हे आपल्या धावेचंच पोरगं होय, पण जाळ न मागणारं." त्याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

हा धातू तसा नवाही नाही. १९५९ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या शस्त्र-प्रयोगशाळेत विल्यम ब्यूहलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते. १९६१ च्या सुमारास एका बैठकीत घडी घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्याने पाइप पेटवायच्या लायटरची ज्योत तिला दाखवली आणि घडी आपोआप उलगडली. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं जोडून नाव पडलं नितिनॉल. गंमत अशी की ज्या कामासाठी शोध चालला होता ते बाजूला राहिलं, आणि पहिलं मोठं काम मिळालं ते एफ-१४ लढाऊ विमानातल्या तेलाच्या नळ्या जोडण्याचं. जोडकडं द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार ठेवायचं, रुंद करायचं, नळ्यांवर सरकवायचं. नेहमीच्या हवेत आलं की ते स्वतःहून आवळतं. परत धाव!

तेव्हा "या धातूचं काय करू" असं विचारू नका, त्याने माणूस भरकटतो. उलटं विचारा. आपल्याकडे कुठे असं काम आहे, जिथे ठराविक तापमानाला थोडीशी हालचाल हवी, वीज नाही किंवा भरवशाची नाही, आणि तिथे सतत कुणी उभं राहू शकत नाही? काम दिवसातून एक-दोनदाच व्हावं. असं काम सापडलं की ही तार सोन्याची. बाकी सगळीकडे ती महाग खेळणं आहे, कारण किलोच्या भावात ती लोखंडाच्या शेकडो पट पडते. सुदैवाने लागते ग्रॅमात.

आता तुमच्याच शेडकडे येतो, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती अशाच एका रेशीम शेडमध्ये झाली.

पुस्तकात या तारेचा उपयोग दिलेला असतो: हरितगृहाची खिडकी आत गरम झालं की आपोआप उघडते. युरोपात हे बरोबर आहे, महाबळेश्वरलाही चालेल. आपल्याकडे फेब्रुवारी संपला की दुपारी अकरानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा जास्त तापलेली असते. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. अशा वेळी खिडकी उघडणारं यंत्र म्हणजे झळ आत घ्यायचं यंत्र. आपल्या आयाबाया शतकानुशतकं काय करतात? सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घेतात, वाळ्याचा पडदा भिजवतात आणि संध्याकाळी सगळं उघडं टाकतात. तार तेच शिकली पाहिजे. ती बाहेरच्या हवेत, सावलीत बसवायची. बाहेर तापलं की झडप बंद, बाहेर गार झालं की झडप उघडी. मोठ्या अळ्यांना २४-२५ अंश मानवतात. मार्चच्या बॅचला दिवसा झळ आत घेणं परवडत नाही आणि रात्रीची गार हवा गमावणंही परवडत नाही.

एवढं डोकं लावून मी तार बसवली आणि तरी फसलो. एक मीटर तार भोकं पाडलेल्या पाइपमध्ये ताणून धरली, तीन सेंटिमीटरची ओढ तरफेने पाचपट करून पंधरा सेंटिमीटर केली आणि झडपेला उलट ओढायला दगड टांगला. तार तापली की दगडाला हरवून झडप लावते, गार झाली की दगड तारेला ओढून झडप उघडतो. ३४ अंशांना झडप सुरेख बंद झाली. बघायला शेजारीपाजारी जमले होते, टाळ्या झाल्या. रात्री मी घरी निघून आलो. तिसऱ्या दिवशी शेडवाल्याचा फोन आला, "सर, तुमच्या ताराले झोप लागली वाटते जी. उघडूनच नाही राह्यली." शेडात कोंदट वास, तुतीच्या पानांना ओल सुटलेली, अळ्या मलूल.

झालं असं की साध्या निकेल-टायटॅनियम तारेत तापताना बदलण्याच्या आणि गार होताना परतण्याच्या तापमानात वीस ते तीस अंशांचं अंतर असतं. ३४ ला बंद झालेली झडप उघडायला दहा अंशांपर्यंत गार व्हावं लागणार होतं. मार्चमध्ये आमच्याकडे रात्रीचा पारा १८-२० च्या खाली उतरत नाही. म्हणजे ती दार लावून बसली, ती पुढच्या डिसेंबरपर्यंत. हे अंतर मला माहीत नव्हतं असं नाही, हीट ट्रीटमेंटमध्ये आयुष्य गेलं. पण चहाच्या कपात सगळं इतकं झटपट घडतं की माणूस परतीचा रस्ता विसरतो.

दुसऱ्या खेपेला तांबं मिसळलेली तार मागवली. निकेलच्या जागी काही टक्के तांबं घातलं की हे अंतर दहा-बारा अंशांवर येतं. ३४ ला बंद, २२-२३ ला उघडी. आता ती मार्चमध्ये रात्री पारा तेवढा उतरला की उघडते. याहून कमी अंतर हवं असेल तर आर-फेज नावाच्या मधल्या अवस्थेवर चालणाऱ्या स्प्रिंगा मिळतात. त्यांचं अंतर दोन-पाच अंशांचंच, पण हालचाल एक टक्क्याच्या आत, म्हणून तरफ लांब करावी लागते.

आणखी एक गोष्ट पुस्तकात असते, पण कुणी हाताने करून बघत नाही. तारेवर ओझं वाढवलं की तिचं तापमानही वर सरकतं. अर्धा मिलिमीटरच्या तारेला साधारण दीडशे ग्रॅम वजन वाढवलं की एक अंश. म्हणजे झडप ३४ ऐवजी ३६ ला लागायला हवी असेल तर नवी तार आणायची गरज नाही, तारेवर तीनशे ग्रॅम जास्त येतील एवढी पिशवी दगडाला बांधा. आमच्या शेडवाल्याने दगडाऐवजी डबा टांगला आहे आणि त्यात वाळू घालून-काढून तो स्वतःच तापमान लावतो. तारेला चार टक्क्यांपेक्षा जास्त ताणू मात्र नका. तीन टक्क्यांवर ठेवलीत तर रोज एक फेरी धरून दहा वर्षांत साडेतीन हजारांवर फेऱ्या होतात, तेवढं ती सोसते. पाइप उत्तरेच्या भिंतीला, पांढरा रंगवलेला असू द्या. टिनाजवळ बांधलात तर तार टिनाचं तापमान वाचेल, हवेचं नाही. पाइपच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर गांधीलमाशी घर करते. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या दोन तक्रारी याच होत्या, धातूचा त्यात काही दोष नव्हता.

मेणाचा सिलिंडर वापरून खिडकी उघडणारी साधनंही मिळतात आणि ती स्वस्त पडतात. खरं सांगायचं तर फक्त खिडकी उघडायची असेल तर तीच घ्या. पण तयार मिळणारी जवळपास सगळी "गरम झालं की उघड" याच रीतीने बनवलेली असतात. उलटं, आणि वाळूच्या डब्याने लावता येईल असं हवं असेल, तर तार.

विकण्याजोगी वस्तू विचारलीत. माझं मत सरकीच्या ढिगावर आहे.

ओलसर सरकी किंवा दव पिऊन आलेला कापूस ढिगात दाबला की आतून तापतो. वरून हात लावला तर कळत नाही. आत वाफ धरते, सरकीचं तेल खराब होतं, बियाणं मरतं आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर आग. जिनिंगमध्ये अनुभवी हमाल लोखंडी गज खुपसून ठेवतात, काढून गालाला लावून बघतात. त्याच गजाला डोकं लावायचं. दीड-दोन मीटरचा पोकळ पाइप, टोकाला ५५ अंशांची स्प्रिंग, तिच्यावरून वरपर्यंत बारीक सळई आणि सळईच्या डोक्यावर लाल झेंडी. आत ५५ झाले की स्प्रिंग ताठ होते, झेंडी पाइपाबाहेर चार सेंटिमीटर वर येते. वीज नाही, सेल नाही, कापसाच्या गंजीत ठिणगी पडण्याचा प्रश्न नाही. वीस गज खुपसले की चौकीदार लांबून एका नजरेत ढीग वाचतो. इथे तारेचं ते वीस-तीस अंशांचं अंतर उलट कामाला येतं. झेंडी एकदा वर आली की ढीग थोडा निवला म्हणून लगेच खाली जात नाही, सकाळी मालकाला दिसतेच.

तुम्ही म्हणाल, स्प्रिंकलरमध्ये ६८ अंशांना फुटणारी काचेची नळी असतेच की. असते, आणि आग विझवायला तीच बरी. पण ती एकदाच फुटते, चालते की नाही हे फोडल्याशिवाय कळत नाही. हा गज दर हंगामाला गरम पाण्याच्या बादलीत उभा करून मालकाच्या डोळ्यांदेखत तपासता येतो. विकताना हीच गोष्ट विकते, लिहून ठेवा. हीच युक्ती कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाला आणि ओलसर सोयाबीनलाही चालेल, फक्त बियाण्याच्या सोयाबीनला ५५ फार उशीर झाला. तिथे ४० च्या आसपासची स्प्रिंग घ्या, आणि ढीग मे महिन्यात टिनाखाली नसेल एवढं बघा.

मोटरच्या स्टार्टरला ही तार लावायचा विचार तुमच्या डोक्यात आला असेल, फिटरच्या येतोच. नका. ओव्हरलोड रिलेमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते, ती काही रुपयांत तेच काम करते. जोडपट्टी तापेल तशी थोडी थोडी वाकते, तार ठराविक जागी एकदम झेप घेते आणि जोर लावते. जिथे जोर लागत नाही तिथे पट्टी जिंकते. मात्र लाइनवरचे सैल जोड तापतात, त्यांच्यावर ८० अंशांना वर येणारी रंगीत चकती लावता येईल. ते काम महावितरणच्या माणसाचं आहे. डीपीवर स्वतः चढू नका, तार कुठलीही असो.

तुमच्या मित्रांच्या मेसेजमध्ये "हार्ट अटॅकची जाळी याच धातूची" असं असेल. अर्धं खरं. हृदयाच्या धमनीत बसवतात त्या बहुतेक जाळ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या, फुग्याने फुगवलेल्या असतात. पायाच्या आणि मानेच्या धमन्यांत जातात त्या स्वतःहून उघडणाऱ्या, त्या बहुतेक नितिनॉलच्या. आणि दातांना तारा लावलेली पोरं आता तालुक्याच्या गावीही दिसतात, त्यांच्या तोंडात सुरुवातीची तार बहुधा हीच असते. तिथे आठवणीपेक्षा लवचीकपणाचा उपयोग जास्त. वाकलेल्या गाडीचं पत्र्याचं अंग आपोआप सरळ होईल, हे मात्र सोडून द्या. एवढा धातू कुणाला परवडणार?

आपल्या भागाशी खरं नातं आहे ते दुसऱ्याच मिश्रधातूचं, आणि त्याबद्दल कुणी मेसेज पाठवत नाही. लोखंड, मँगनीज आणि सिलिकॉन यांचाही आठवण ठेवणारा पोलाद होतो. त्यात मँगनीज बऱ्याचदा पंधरा ते तीस टक्के असतं. तो नितिनॉलपेक्षा कमी परततो, दोन-चार टक्के, त्याला शंभर-दीडशे अंशांवर तापवावं लागतं आणि तो काम एकदाच करतो. पण किंमत पोलादाच्या घराण्यातली. स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संस्थेने त्याच्या पट्ट्या जुन्या काँक्रीटला बसवून, तापवून, आवळून दाखवल्या. पट्टी ताणून धरायला जॅक लागत नाही, जागच्या जागी तापवली की ती काँक्रीटला मिठी मारते. मँगनीज आपल्या पायाखाली आहे: भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला, नागपुरात मनसर, गुमगाव. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच. खनिज आहे म्हणून धातू होतो असं नव्हे, आपण पिढ्यानपिढ्या माती विकून भांडी विकत घेतली आहेत. तरी कुणा पोराला धातुशास्त्रात पुढे शिकायचं असेल तर मी त्याला नितिनॉलपेक्षा या पोलादाकडे बोट दाखवीन.

आता तार विकत घेताना. विक्रेत्याकडून "पूर्ण सरळ होण्याचं तापमान" लेखी घ्या, अंश सेल्सियसमध्ये. बाजारात लवचीक जातीची तार आठवणीची म्हणून सर्रास खपवतात. ओळख सोपी आहे: वाकवून सोडली की जागच्या जागी उसळते ती लवचीक. पण ही परीक्षा मे महिन्यात करू नका. आमच्या वर्कशॉपमध्ये दुपारी टेबलावर ४२ अंश होते आणि मी ४० अंशांची चांगली तार "खोटी" म्हणून परत पाठवायला निघालो होतो. ती बिचारी खोलीच्या उन्हातच आठवण काढत होती. आधी बर्फाच्या पाण्यात वाकवा, मग पातेलं मंद आचेवर ठेवा, थर्मामीटर सोडा आणि सरळ व्हायला कधी लागली, कधी संपली हे दोन आकडे वहीत लिहा. गार होतानाचेही लिहा, माझ्यासारखं करू नका.

स्प्रिंग स्वतः करायची तर तार बोल्टच्या आट्यांत गुंडाळून दोन्ही टोकं नटांनी घट्ट दाबा, ५०० अंशांच्या मफल, म्हणजे बंदिस्त, भट्टीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि तडक पाण्यात टाका. गॅसच्या शेगडीवर करू नका. तिथे एक टोक सातशेवर आणि दुसरं तीनशेवर जातं, मग अर्धी तार आठवते आणि अर्धी विसरते. तालुक्याला आयटीआयमध्ये अशी भट्टी आहे का बघा, शिक्षकांना गळ घाला. ही तार पोलादाला वेल्डिंगने जोडू नका, जोड काचेसारखा तुटतो. नळीत घालून चेपा किंवा स्क्रूखाली दाबा.

तुमच्याकडे आहेत त्या दोन मीटरांतून आधी सरकीचा एक गज करा, बादलीत वीस वेळा उभा करून बघा. दसऱ्याच्या आत झालं तर जिनिंगच्या मालकाला दाखवायला चला म्हणून मला फोन करा, मी येईन. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की तो तुमच्याकडे मान वर करून बघणार नाही. झडपेची तार मात्र आता मागवू नका. आधी शेडच्या उत्तरेच्या भिंतीला साधा थर्मामीटर टांगा आणि फेब्रुवारीभर रात्री नऊला आणि पहाटे पाचला काय आकडा दिसतो तो मला पाठवा. तांबं किती टक्के घ्यायचं ते त्यावरून ठरेल.